क्वार्ट्झसाइटच्या माळावरील शेजाऱ्यांस

आदरणीय दादा आणि वहिनी यांस,
सप्रेम नमस्कार.

ॲरिझोनाच्या वाळवंटातील आमचा पहिला हिवाळा संपवून आम्ही दोघे गेल्या आठवड्यात न्यू जर्सीला सुखरूप परतलो. निघताना आपले आभार तोंडी मानायचे होते, परंतु दादांनी "आधी टायरमधील हवा तपासा" असे म्हणून तो विषयच होऊ दिला नाही, म्हणून हे पत्र. ते सर्वांसमोर लिहीत आहे, कारण निवृत्तीनंतर आमच्यासारखीच आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन निघण्याचा विचार करणारी बरीच मराठी जोडपी इकडे आहेत आणि आपण आम्हांला जे दिले ते त्यांच्याही उपयोगी पडावे.

क्वार्ट्झसाइटजवळच्या ला पोसा या सरकारी माळावर, जेथे हिवाळाभर गाडी लावून राहता येते, आम्ही पोहोचलो तेव्हा १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या पूर्ण हंगामाचा १८० डॉलरचा परवाना घ्यावा की १४ दिवसांचा ४० डॉलरचा, यावरच आमचा वाद चालला होता. त्या वादात आम्ही गाडी एका आयर्नवूडच्या झाडाखाली, सावली पाहून लावली. त्या संध्याकाळी मी खिचडीचा कुकर लावला आणि तिसऱ्या शिट्टीनंतर दारावर थाप पडली. "या माळावर शिट्टी ऐकू आली, म्हणजे आपलेच कोणीतरी असणार," असे शुद्ध वऱ्हाडी हेल काढून म्हणणारे दादा आणि त्यांच्यामागे हातात बॅटरी घेतलेल्या वहिनी, हे दृश्य मी विसरणार नाही. दादांनी खिचडीला हो म्हणण्याआधी आमची गाडी हलवायला लावली. आम्ही ज्याला सपाट, वाळूची छान जागा समजलो होतो तो कोरडा ओढा होता. डोंगरात पाऊस झाला की आपल्या डोक्यावर थेंबही न पडता तेथून पाणी येते. शिवाय डिसेंबरात तेथे माध्यान्हीचा सूर्यदेखील क्षितिजापासून जेमतेम ३३ अंशांवर असतो, तेव्हा सोलर पॅनेलवाल्याने थंडीत सावली शोधायची कशाला, हा त्यांचा प्रश्नही बिनतोड होता.

खरे संकट तिसऱ्या रात्री आले. पारा शून्याजवळ उतरला, पहाटे हीटरचा पंखा बंद पडला आणि बॅटरीचा आकडा ११.४ व्होल्ट दाखवू लागला. गाडी विकणाऱ्याने "सर्व काही तपासून दिले आहे" असे सांगितले होते. दादांनी बॅटरीची झाकणे उघडली तेव्हा तीन कप्प्यांतील प्लेटा उघड्या पडलेल्या होत्या. डिस्टिल्ड वॉटर घालून, आपला जनरेटर लावून, दुसऱ्या दिवशी हायड्रोमीटरने, म्हणजे बॅटरीतील आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, प्रत्येक कप्पा मोजल्यावर दोन कप्पे कायमचे गेल्याचे ठरले. माझे यजमान तत्काळ महागडी लिथियम बॅटरी घेण्यास निघाले होते. दादांनी त्यांना खुर्चीत बसवले, एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर रेघा ओढल्या आणि "आधी खर्च मोजा, मग माल घ्या" असे म्हणून आमच्या रात्रीचा हिशेब आमच्याच हातून मांडून घेतला: हीटरचा पंखा ७ अँपिअर, रात्रीतून ६ तास, म्हणजे ४२ अँपिअर-तास, मग फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप. बेरीज सत्तरच्या आसपास आली. गोल्फ-गाडीच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तर सुमारे २२५ अँपिअर-तास मिळतात, त्यांतील निम्मेच वापरायचे आणि आकडा १२.१ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही, एवढ्यात आमचे भागत होते. आपण आम्हांला आपला जनरेटर सरळ देऊन मोकळे होऊ शकला असतात. त्याऐवजी दोन सकाळी खर्चून हिशेब शिकवलात, म्हणून उरलेले तीन महिने आम्ही आपल्याला पुन्हा त्रास दिला नाही. विजेशिवाय चालणारा लहान गॅस हीटर लावताना खिडकी बोटभर उघडी ठेवायची, ही सूचनाही आम्ही एकदाही मोडली नाही.

वहिनींचे ऋण निराळे आहे. आमच्या टाकीत १५० लिटर पाणी मावते आणि पहिल्या चार दिवसांत मी ते संपवले. वहिनींनी ताटे आधी कागदाने पुसून मग पेलाभर पाण्यात विसळून दाखवली तेव्हा मला माणदेशातील माझी आजी आठवली, जी एका कळशीत पाच जणांचे भागवत असे. पस्तीस वर्षे नळाखाली हात धुतल्यामुळे मी ते सारे विसरले होते. नंतर तेच पाणी आम्ही अकरा दिवस पुरवले. सांडपाण्याची टाकीही मग उशिरा भरू लागली, हा फायदा वेगळाच.

गावातील स्मशानभूमीत आपण आम्हांला हाय जॉलीचे स्मारक दाखवायला नेलेत, तेही येथे नमूद करते. १८५६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या उंटांबरोबर उस्मानी मुलखातून आलेला हा हाजी अली १९०२ मध्ये तेथेच वारला आणि त्याच्या दगडी पिरॅमिडवर आज धातूचा उंट उभा आहे. त्याच्या नावाचा उच्चार लोकांनी कसा केला हे ऐकून दादा हसत म्हणाले, "आपलीही आडनावे अशीच झाली आहेत." आमच्या आडनावाचे बँकेत जे होते ते आठवून आम्ही परतीच्या वाटेवर बराच वेळ हसत होतो.

आपला हायड्रोमीटर चुकून आमच्याबरोबर आला आहे. तो धुऊन, कापडात गुंडाळून ठेवला आहे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणून देऊ. वहिनींच्या कुकरची रिंग सैल झाली आहे आणि त्यामुळे शिट्टी होत नाही, हे माझ्या लक्षात आले होते. तिचा व्यास मात्र विचारायचा राहिला. कृपया मोजून कळवावा, म्हणजे येताना घेऊन येईन.

आपली नम्र,
पलीकडच्या पांढऱ्या गाडीतील शेजारीण