जागा नव्हती

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, गाझाच्या बातमीतलं ‘हवाई हल्ल्यात ठार केले’ खोडून ‘मृत्युमुखी पडले’ केलंस. वर म्हणालीस, “बाबा, तसं करायला मला कोणी सांगितलं नव्हतं.” रात्री तेच डोक्यात घोळत राहिलं. जणू दरड कोसळली, कोणी काही केलंच नाही!

१९६१ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या टॅड शुल्त्सनं मायामीहून बातमी दिली: क्यूबातून पळालेल्यांना सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेनं तयार केलंय, क्यूबावर चढाई आता कधीही होईल. पान एकवर चार कॉलमी मथळा ठरला होता. वृत्तपत्राचे अध्यक्ष ड्रायफूस यांना धास्ती वाटली. संपादक कॅटलेज यांनी मथळा एका कॉलमावर आणला, सीआयएचं नाव काढलं आणि चढाई नजीक असल्याचं सांगणारा शब्दही. डेस्कवरचे दोघं ज्येष्ठ त्यांच्याशी भांडले. ७ तारखेला बातमी आली. खोटं त्यात काही नव्हतं. दहा दिवसांनी क्यूबाच्या किनाऱ्यावर, बे ऑफ पिग्जला, त्यातले सुमारे १,४०० जण उतरले आणि तीन दिवसांत चढाई फसली. १,१०० हून जास्त पकडले गेले.

राष्ट्राध्यक्ष केनेडींचं बघ. २७ एप्रिलला वृत्तपत्रमालकांना जाहीर सुनावलं की बातमी देशहिताची आहे का, हेही विचारत जा. खाजगीत मात्र कॅटलेजना म्हणाले, तुम्ही जास्त छापलं असतंत तर आम्ही या घोडचुकीतून वाचलो असतो.

तुला काय शिकवू? १९८७ मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत जाफन्यात होती. मी रात्रपाळीला असताना वृत्तसंस्थेची कॉपी आली, शेवटच्या दोन परिच्छेदांत तिथले नागरिक मेल्याचं होतं. मी ते कापले आणि समासात लिहिलं, ‘जागा नाही’. त्याच पानावर तळाला दोन कॉलमी पाककृती होती, नारळाच्या वड्यांची. सकाळी साहेबांनी पान छान लागल्याचं सांगितलं. मला बरंसुद्धा वाटलं.

आज पाळीला गेलीस की मूळ कॉपी काढ. हल्ला कोणी केला ते तिच्यात असेल तर तसंच ठेव, नसेल तर मनचं घालू नकोस. चीफ सब-एडिटरनं कापलं तर कापू दे, पण त्यांच्या पेनानं.

तुझा,
बाबा