तटावरची माणसं खाली जेवायला पाठव

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या गेमचा आराखडा वाचला. बुरूज, खंदक, उचलता पूल सगळं नीट उतरलंय. पण दोनशे सैनिक रात्रंदिवस तटावर उभे, आणि स्वयंपाकघर मला नकाशात शोधावं लागलं! तेराव्या शतकातला इंग्लंडचा किल्ला म्हणजे आधी घर. लढाई वर्षानुवर्षं होत नसे, भूक रोज लागे.

हॅम्पशरमधला ओडियमचा किल्ला घे. जॉन राजाने १२०७ ते १२१४ मध्ये बांधून घेतलेला. १२१६ मध्ये फ्रेंचांनी वेढा घातला, तेव्हा आत शिबंदी किती होती? तेरा माणसं. तेवढ्यांनी आठवडाभर तरी दाद दिली नाही. तेव्हा दोनशेचा आकडा खोड. शांततेच्या काळात किल्लेदार, दारावरचा पहारेकरी, थोडे शिपाई आणि नोकरचाकर, एवढ्यावर भागत असे. तुझे बुरूज बहुतेक दिवस रिकामे दिसायला हवेत.

गर्दी व्हायची ती मालक आला की. १२६५ मध्ये ओडियमला एलेनोर राहत होती. तिसऱ्या हेन्री राजाची बहीण आणि त्याच राजाविरुद्ध बंड केलेल्या सायमन द मॉन्टफोर्ट या सरदाराची बायको. तिच्या घरखर्चाची चामड्यावर लिहिलेली गुंडाळी आजही आहे, १९ फेब्रुवारीपासून ऑगस्टअखेरपर्यंतची. भाकरी, दारू, मुदपाकखाना, पागा, अशी रोजची नोंद. तुझ्या गेमचा हिशेब याच चार खात्यांवर उभा कर, सोन्याच्या नाण्यांवर नको.

अंदाजासाठी असं धर. माणशी रोज किलोभर पाव आणि चार लिटरच्या आसपास एल, म्हणजे बिअरसारखी दारू. म्हणजे साठ माणसांना साठ किलो पाव, दोनशे चाळीस लिटर एल. ही एल जवाच्या मोडांपासून केलेली, टिकवणारी हॉपची कडू फुलं न घातलेली, म्हणून चार-सहा दिवसांत आंबट होते. एकदा पिंपं भरली की महिनाभर निवांत, असं तू लिहिलंयस ते चालणार नाही. आठवड्यातून एक-दोनदा भट्टी लागलीच पाहिजे. वाइन फ्रान्समधून, गॅस्कनीहून, मोठ्या पिंपांतून येई. बाटली-बुचाची सोय नव्हती, त्यामुळे नवी वाइन महाग आणि गेल्या वर्षीची जवळजवळ टाकाऊ. जुनी म्हणजे उंची, हे आपल्या डोक्यातलं गणित तिथे उलटं.

आता घोडे. हे तू पार विसरलास आणि खरी मेख इथेच आहे. एका घोड्याला गवत आणि ओट मिळून रोज दहा किलो वैरण, पाणी तीस लिटर. पन्नास घोडे म्हणजे रोज अर्धा टन वैरण आणि दीड हजार लिटर पाणी, वीस लिटरच्या पंचाहत्तर बादल्या. ओडियमला नदी शेजारी, खंदकही पाण्याने भरलेला, तिथे निभावलं. डोव्हरच्या किल्ल्यात मुख्य बुरुजातली विहीर शंभर मीटरहून खोल. तिच्या पाण्याने पन्नास घोडे पाजायचे ठरवलं, तर रहाटावरची माणसं दुपारपर्यंत आडवी होतील. खालच्या आवाराला पाण्याची वेगळी सोय दाखव. सायमन आपला लवाजमा घेऊन बायकोकडे आला, की पागेचा खर्च कितीतरी पटींनी चढे. आसपासच्या गावांतलं गवत संपत आलं आणि शौचकूपांचे खड्डे भरले, की सरदार मुक्काम हलवत. बिछाने, पडदे, देवघरातलं सामान, भांडी, सगळं गाड्यांवर. मागे उरत ते दगड आणि किल्लेदार.

मेजवानीच्या चित्रात बटाटे आहेत. काढ. टोमॅटो, टर्कीही काढ, सगळा अमेरिकेचा माल, अडीचशे वर्षं लवकर आलाय. काटेही नकोत, सुरी ज्याची त्याने आणायची. ताटाऐवजी शिळ्या पावाचा जाड काप, त्यावर रस्सा मुरतो आणि तो काप शेवटी दारातल्या भिकाऱ्यांना जातो. मिरी मात्र ठेव, ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून तिथवर जात होती.

आणि वर्षभर मांस नको. ईस्टरआधीच्या उपासाच्या सहा आठवड्यांत मांस, दूध, अंडी बंद. एलेनोरची नोंद सुरू होते तीच उपासात, त्यामुळे पहिल्या पानांवर शेकड्यांनी हेरिंग मासळी. सोबतीला वाळवलेला कॉड मासा, लाकडासारखा कडक. आपल्या सुकटीला धुऊन भाजलं की झालं. या माशाला लाकडी मोगरीने चांगला तासभर ठोकायचा, मग कोमट पाण्यात दोनेक तास भिजवून शिजवायचा. ठोकायचा कंटाळा केला की धागे सुटत नाहीत, दातही लागत नाही. हा मोगरीचा आवाज मागे वाजत ठेवलास तर तुझा मुदपाकखाना एकदम खरा वाटेल.

प्रत्येक भिंतीवर धगधगती मशाल, हे सिनेमातलं. छताला काजळी, वर फुकटचा खर्च. बऱ्याच ठिकाणी लव्हाळ्याची काडी जळे. उन्हाळ्यात लव्हाळा कापायचा, भिजवायचा, साल सोलायची, पण एक बारीक पट्टी ठेवायची. ती नसेल तर आतला गर मोडतो. वाळवून वितळलेल्या चरबीतून ओढायचा आणि चिमट्यात तिरका धरून पेटवायचा. हातभर काडी जेमतेम अर्धा तास. मेणबत्ती देवघरात आणि मालकाच्या खोलीत. म्हणून दिवसाचं मोठं जेवण सकाळी दहा-अकराला, उजेडात.

उकळतं तेल वरून ओतू नकोस. तेल महाग, दगड आणि गरम पाणी फुकट.

कथेसाठी प्रसंग हवा होता ना? २८ मे १२६५ ला हेन्रीचा मुलगा, राजपुत्र एडवर्ड, बंडखोर सायमनच्या कैदेतून निसटला. १ जूनला एलेनोर ओडियम सोडून निघाली, पोर्टचेस्टरमार्गे डोव्हरला. पळतानाही कारकून रोज लिहितोय: पाव इतका, घोडे इतके. ४ ऑगस्टला सायमन इव्हशमच्या लढाईत मारला गेला, तरी खातं महिनाअखेरपर्यंत चाललंच. खेळणाऱ्याला तलवारीऐवजी हा कारकूनच व्हायला दे. अडकेल तो वैरणीपाशी.

नवा नकाशा पाठवशील त्यात विहीर, भट्टी आणि शौचकूप दाखव. शौचकूपाची नळी भिंतीबाहेर खंदकात उतरते, वारा मात्र तिच्यातून वर येतो, तेव्हा ती मालकाच्या बिछान्यामागे काढू नकोस. पहिल्या नकाशात तिथेच आहे.

तुझी,
आई