मंद्या, ऑनलाइनच का ते सांगतो

लातूर, रविवार

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज वाचला. मोबाईलवर बोलून कुठे ओसीडी (नको ते विचार आणि तेच तेच तपासत, धूत बसायचा माझा आजार) जातो का, पुण्याला ये, इथे मोठे डॉक्टर आहेत वगैरे. फोनवर नीट सांगता येत नाही, पोरं सारखी आजूबाजूला असतात, म्हणून लिहितोय.

आधी पुण्याचं. रात्रीची ट्रॅव्हल्स, पहाटे हडपसरला उतरायचं, तासाभराचं सेशन आणि परत रात्रीची गाडी. महिन्यातून एकदा जमेल रे, पण ईआरपी (ओसीडीवरची थेरपी, पुढे सांगतो) दर आठवड्याला लागते, कधी कधी दोनदासुद्धा. त्यात माझं हात धुण्याचं पण आहे, म्हणजे ती सीट, तो ढाबा, ते बाथरूम, उपचाराला पोचेपर्यंतच मी खलास. इथे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, गोळ्या त्यांच्याच चालू आहेत, पण ईआरपी शिकलेलं कोणी मला इथे सापडलं नाही. आणि ओपीडीच्या बाकावर एखादा पालक भेटला तर? मास्तर माणूस मी, दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चर्चा.

पण हे सगळं वरवरचं. खरं सांगू का, हा आजार राहतो माझ्या घरात. गॅसचं बटण, दाराची कडी, सिंक, देव्हारा. क्लिनिकच्या खुर्चीत बसून मला कसली भीती वाटणार, तिथला गॅस माझा थोडाच आहे! ईआरपी म्हणजे ज्याची धास्ती आहे त्याच्या मुद्दाम समोर जायचं आणि मग नेहमीचं चेकिंग, धुणं काहीच करायचं नाही, आतली तगमग तशीच राहू द्यायची. १९६६ साली लंडनला व्हिक्टर मायरने हे दवाखान्यात ठेवलेल्या पेशंटवर करून दाखवलं, तेव्हा लक्ष ठेवायला नर्स असायच्या. आता आमच्या थेरपिस्ट मॅडम स्क्रीनवर असतात. म्हणतात कॅमेरा गॅसकडे फिरवा, एकदाच बंद करा, फोटो काढायचा नाही (मी काढून ठेवायचो, ऑफ तासाला झूम करून बघायला), आता कुलूप लावा आणि चालायला लागा. कानात इयरफोन, मी जिना उतरतोय, छाती धडधडतेय, आणि त्या विचारतायत भीती दहापैकी किती. हे पुण्यात बसून कसं होणार सांग.

अजून एक, हिचं. मी विचारायचो गॅस बंद आहे ना, ही बिचारी हो म्हणायची, दिवसभर तेच. मदतच करत होती, पण खाज सुटल्यावर खाजवावं तसं ते, तेवढ्यापुरतं बरं आणि मग दुप्पट. मॅडमनी तिला पण कॉलवर घेतलं. आता ती म्हणते, याचं उत्तर मी देणार नाही, आपलं ठरलंय. पहिले काही दिवस भांडणं झाली चांगलीच.

आणि देव्हाऱ्यासमोर जे घाण विचार येतात ना, ते मी कुणाच्या तोंडावर बोलूच शकलो नसतो. स्क्रीनवर बोललो, कॅमेरा बंद करून. त्यांनी नंतर चालू करायला लावला ती गोष्ट वेगळी.

सगळं गोड नाही हां. नेट जातं, घरात एकांत नाही, मी गच्चीवर जाऊन बसतो, शेजारच्या काकू वाळवणाच्या निमित्ताने कान देतात. आणि ज्याला जीव द्यायचे विचार येतायत त्याने व्हिडिओ कॉलवर विसंबू नये, सरळ दवाखाना गाठावा. ऑनलाइन भोंदू पण खूप. मी आधी आरसीआयचा (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवणारी सरकारी परिषद) रजिस्ट्रेशन नंबर बघितला, मग ईआरपी करता का ते स्पष्ट विचारलं. नुसतं पॉझिटिव्ह विचार करा म्हणणाऱ्याकडे पैसे घालवू नकोस.

तुझ्या पुतण्याचं जे सांगितलंस, वह्या परत परत लिहिणं, त्याला ओरडू नका. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर टेलि-मानसला फोन लाव, १४४१६, सरकारी आहे, फुकट, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलतात. उपचार तिथे पूर्ण होणार नाहीत पण कुठे जायचं ते सांगतील.

दिवाळीला ये. आणि आल्यावर मी गॅसचं विचारलंच तर तू पण उत्तर द्यायचं नाहीस, कितीही गयावया केली तरी.

तुझा,
बाळ्या