टॉवेलांच्या गावात हाउसकीपिंगही शिकवा

मा. संपादक,

सोलापूरच्या पर्यटनाची चर्चा रस्ते, कमानी आणि रोषणाईभोवतीच फिरते. भाविकाची खोली आवरणारा आणि त्याला शिलालेख दाखवणारा माणूस कुठे शिकणार, हे कुणी विचारत नाही.

देवस्थानांच्या वाटेवरच्या लॉजमध्ये नेहमीची तक्रार असते ओलसर चादरीची. प्रत्येक खाटेमागे तीन जोड लागतात: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. दोनच ठेवले, तर आषाढीच्या पावसात ओलीच चादर अंथरावी लागते. टॉवेलचे तर वाईटच वाटते. भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापुरी टेरी टॉवेल आपल्याच लॉजमध्ये पाणी टिपत नाही, आणि दोष विणकराच्या माथी जातो. खरे कारण धुण्यात आहे. बोअरच्या जड पाण्यात साबण जास्त पडतो, खंगाळणे कमी होते, वर सॉफ्टनर; त्याचा थर धाग्यावर बसतो. नवा टॉवेल आधी एकदा धुवावा, साबण मोजून घालावा, सॉफ्टनर बंद करावा. इस्त्रीने टॉवेलवरचे धाग्याचे फासे दबतात, म्हणून वाळल्यावर झटकून नुसती घडी घालावी. हे शिकायला आठवडाही लागत नाही, पण शिकवावे लागते.

गाइडचेही तसेच. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख आहे. बॅटरीचा झोत समोरून टाकला की अक्षरे सपाट होऊन हरवतात. बाजूने, तिरपा धरला की खाचांत सावली पडते आणि लेख उठून दिसतो. खडू किंवा पाणी लावायचे नाही, बोट फिरवायचे नाही. वर्गात पाठ केलेले भाषण इथे कामाचे नाही. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारी शेकडो मुले या शहरात आहेत. कर्नाटक-तेलंगणातून येणाऱ्या भाविकांसाठी पहिली निवड त्यांचीच व्हावी.

आमची मागणी अशी: हाउसकीपिंग आणि गाइडच्या प्रशिक्षणाचा पुस्तकी भाग ज्येष्ठापर्यंत संपवावा आणि ऐन आषाढीत मुले लॉजवर कामाला असावीत. आषाढीनंतर, रिकाम्या खोल्यांत केलेले प्रात्यक्षिक फुकट जाते. शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार चार कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेलाही उमेदवार घेता येतो, हे लहान लॉजमालकांना सांगायला हवे. परीक्षा खऱ्या, नुकत्याच रिकाम्या झालेल्या खोलीत घ्यावी. संडासाचे फडके वेगळ्या रंगाचे नसेल, तर उमेदवार तिथेच नापास.

– आतिथ्य व्यवसायाचे काही निदेशक, सोलापूर