आई, या वेळी फोन तू घे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी मी फोन केला तेव्हा आईने तो घेतला नाही. बाबांच्या हातात दिला, आणि मागे तिच्या पावलांचा आवाज तेवढा ऐकू आला. तेव्हाच कळलं की दादा बोलून गेलाय. त्याला रागावू नका. शपथ मीच घातली होती त्याला, आणि ती घालायला नको होती. आठ दिवस मी तुमच्याशी 'सगळं ठीक आहे' म्हणत बोलत राहिले. ते खरं नव्हतं. आता नीट लिहून काढते, कारण फोनवर आईने नुसतं 'मग?' विचारलं तरी माझा धीर सुटतो आणि मी विषय बदलते.

हृदयाची ती अनियमित धडधड, डॉक्टर जिला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, परत आली. नवी गोळी सुरू केल्यावर बाराव्या रात्री.

रात्री पावणेतीनच्या सुमाराला जाग आली. आधी वाटलं स्वप्न पडलं असेल. मग छातीत ते ओळखीचं फडफडणं, मुठीत पाखरू धरल्यासारखं. उठून बसले आणि दोन बोटं मनगटावर ठेवली. दोन ठोके अगदी जवळजवळ, मग एवढा मोठा खंड की पुढचा येतो की नाही असं वाटावं, मग तीन घाईघाईने, एक अगदी पुसट. ताल धरायला गेलं की तो निसटायचा. तुमचे जावई शेजारी गाढ झोपले होते. पंधरा मिनिटं मी त्यांनाही उठवलं नाही. मला तेव्हा धडधडीची भीती फारशी वाटली नाही. मनात एकच होतं: गोळी हरली. एवढ्या तपासण्या, एवढी वाट पाहिली, आणि आता हातात काहीच उरलं नाही. त्या पंधरा मिनिटांत मी फार खोल गेले होते, आई. तुला फोन करावासा वाटत होता आणि म्हणूनच केला नाही.

सकाळी आठच्या थोडं आधी ते आपोआप थांबलं. कोणी काही न करता. एक मोठा ठोका, क्षणभर शांतता, आणि मग सरळ चाल. पाच तासांच्या आसपास चाललं होतं.

आता डॉक्टरांनी जे सांगितलं ते सांगते, कारण माझं चित्त त्यामुळेच ठिकाणावर आलं. मी खुर्चीत बसताक्षणी म्हणाले, "औषध लागू पडलं नाही." त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा किती वेळ चाललं होतं?" एकतीस तास, आणि शेवटी शॉक देऊन थांबवावं लागलं होतं. "आणि आता?" पाच तास, आपोआप. ते म्हणाले, या गोळीकडून अपेक्षा हीच असते. झटके कमी यावेत, आले तर थोडक्यात आटपावेत, शॉकची वेळ येऊ नये. पुन्हा कधीच येणार नाही असं वचन ही गोळी देत नाही. हे मला सुरुवातीलाच कोणीतरी एवढ्या सरळ शब्दांत सांगायला हवं होतं असं अजून वाटतं. मी ती गोळी म्हणजे दाराला कुलूप समजून घेत होते.

डोसही सुरुवातीचाच होता. फ्लेकेनाइड 50 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. आता तो 100 केलाय. डोस वाढवला की पुन्हा ईसीजी काढतात. ही गोळी हृदयातून जाणारा विजेचा प्रवाह मंद करते. तो फारच मंदावला तर ईसीजीतली उंच रेघ रुंद होते, आणि तसं दिसलं तर डोस कमी करायचा. माझे दोन्ही ईसीजी त्यांनी शेजारी-शेजारी ठेवून मोजले. रेघ रुंद झालेली नाही. सोबत मेटोप्रोलॉल चालूच आहे. बाबांनी विचारलं होतं ना, दोन-दोन कशाला? वरचे कप्पे मिनिटाला तीनशे-चारशेच्या वर थरथरतात, कधी त्याहून कितीतरी जास्त. मधला जो दरवाजा आहे तो त्यातले थोडेच ठोके खाली सोडतो. फ्लेकेनाइडने वरची थरथर मंदावली की कधीकधी उलटंच होतं, दरवाजाला एकेक ठोका ओळखता येतो आणि तो सगळेच खाली सोडायला लागतो. मेटोप्रोलॉल त्या दरवाजावर बसलेला पहारा आहे.

त्रास म्हणाल तर थोडा आहे. मान पटकन वळवली की डोळ्यांपुढे क्षणभर धूसर होतं. डॉक्टरांना सांगितलंय. ते या गोळीने होतं म्हणाले, लक्ष ठेवायला सांगितलंय.

बाबा, आता तुमच्याशी. तुम्ही फोनवर म्हणालात, "मलाही ठोके चुकल्यासारखे वाटतात, तीच गोळी मीही विचारून घेऊ का?" माझ्या पोटात गोळाच आला. विचारा जरूर, पण माझ्या डब्यातली एकही गोळी घेऊ नका. तुम्हाला सहा वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेलाय, आणि अटॅक येऊन गेलेल्या हृदयाला ही गोळी देत नाहीत. हे शहाणपण फार महागात आलेलं आहे. अटॅकनंतर जादा ठोके पडणाऱ्या लोकांना ही आणि तिच्याच जातीची आणखी एक गोळी देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली होती. कागदावर ठोके सुधारले, पण गोळी घेणारेच जास्त दगावले. 1989 मध्ये त्या दोन्ही गोळ्या देणं थांबवावं लागलं. मला गोळी देण्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काढली, ट्रेडमिलवर चालवलं, ते उगीच नव्हतं. तुम्ही तुमच्या डॉक्टरांकडे जा, चुकलेले ठोके कधी आणि किती वेळ वाटले ते वहीत लिहून न्या, आणि एकदा ईसीजी काढून घ्या. आणि बीपीच्या मशीनवर एकच आकडा बघून घाबरू नका. ठोके अनियमित असतील तेव्हा ते मशीन गोंधळतं. थोड्या-थोड्या वेळाने तीनदा बघा आणि तिन्ही आकडे लिहा.

आईचा मुद्दा मला माहीत आहे. रात्रीची जागरणं. आई, तू अगदीच चुकीची नाहीस. झोप बिघडली की धडधडीला निमित्त मिळतं, आणि झोपेत माझा श्वास अडकतो का तेही आता तपासणार आहेत. पण मी वेळेवर झोपले असते तर हे झालंच नसतं, असं कोणी सांगू शकत नाही. ही थरथर बऱ्याचदा फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होते. हे फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये दाखवून दिलं, आणि पुढे त्या शिरांच्या तोंडाशीच डाग देऊन ही थरथर रोखण्याचा उपाय निघाला. माझ्या बाबतीत गोळ्यांनी पुरेसं भागलं नाही तर तोही मार्ग आहे. म्हणजे हातात काहीच उरलं नाही, हे जे त्या रात्री मला वाटलं, ते खरं नव्हतं. आणि तू गरोदरपणात काय केलंस, लहानपणी मला किती धावू दिलंस, हे शोधत बसू नकोस. दादा सांगत होता, तू तेच करते आहेस. त्यात काही सापडणार नाही, आई.

रक्त पातळ करायची गोळी मी एकही वेळ चुकवलेली नाही. बाकी काही विसरेन, ती नाही. वरचा कप्पा नुसता थरथरत राहिला की त्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साकळतं, आणि तिथली गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. मला रक्तदाब आहे, म्हणून ती गोळी हवीच. हातावर दिसलेला निळा डाग तिचाच. त्याला घाबरू नकोस.

पुन्हा झटका आला तर काय, हे आता ठरवून ठेवलंय. बसायचं, वेळ लिहायची, जास्तीची गोळी मनाने घ्यायची नाही, डॉक्टरांनी दिलेल्या नंबरवर कळवायचं. चक्कर येऊन पडले, छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलताना जीभ अडखळली, तर वाट बघायची नाही, सरळ दवाखान्यात. यांना सगळं समजावून सांगितलंय. आणि या खेपेला पंधरा मिनिटं एकटी बसणार नाही, लगेच उठवणार.

तुम्हाला का नाही सांगितलं, ते लिहायचं राहिलं. बाबांच्या अटॅकच्या वेळी आई सहा रात्री दवाखान्याच्या बाकावर बसली होती, तो चेहरा मी विसरलेले नाही. तो मला माझ्यासाठी पुन्हा बघायचा नव्हता. पण रविवारी नुसती पावलं ऐकली आणि कळलं, न सांगितल्याने तू बाकावरून उठली नाहीसच. उलट तिथे तुला एकटीला बसवलं मी.

पुढचा ईसीजी मंगळवारी आहे. दवाखान्यातून बाहेर पडले की पहिला फोन तुम्हाला, दादालाही नंतर. रेघ रुंद झाली असेल तर तेही सांगेन, मधल्या दिवसांत धडधड झाली असेल तर किती वाजता आणि किती वेळ तेही. तू फक्त फोन बाबांकडे देऊ नकोस. काही बोललं नाहीस तरी चालेल.

तुमची लेक