टाकीमागचं झाकण

प्रिय बंड्या,

सापडली! सुवर्णदुर्गाच्या मागे इंपेलर, म्हणजे समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चक्र, फुटला होता, तेव्हाची हरवलेली पाकळी. ‘ती पाण्याबरोबर बाहेर गेली, समुद्राला विचार,’ असं तू छातीठोकपणे म्हणाला होतास. मी म्हणत होतो, आतच आहे. मशीनच्या कूलरमध्ये (नळ्यांतून खारं पाणी, बाहेरून मशीनचं गोडं पाणी, तोच) डिझेलटाकीकडच्या बाजूला, नळ्यांच्या तोंडाशी आडवी पडली होती. काळी, कडक झालेली, पण पाकळीच. डबीत जपून ठेवलीय. पैजेची कोंबडी तुझ्याकडून येणं आहे.

आई बरी आहे, गुडघे तेच. मीही ठीक.

आता लिहायला का बसलो ते. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठेल, सगळे सुटतील, आणि आपलं मशीन तापतंय. उभ्या बोटीत तापमानाचा काटा ८० ला शांत; अंजर्ल्याच्या खाडीत लोड दिला की ९५. पहिला संशय पंपावर. खाडीच्या तोंडाशी गाळ किती आहे तुला ठाऊक आहे, ओहोटीला पंप चिखलच ओढतो. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बादली धरली तर भरता भरेना. पंपाच्या झाकणाला आतून हे चरे! नवा इंपेलर घातला तरी पाणी त्या चऱ्यांतून मागे फिरणार. झाकण उलटं करून बसवलं, तुझीच युक्ती. काटा ९० वर आला, पण तिथेच अडला. मग थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून पाहिला, व्यवस्थित उघडतो. पातेलं दुधाचं निघालं. पुढचं लिहीत नाही, तुझी वहिनी पत्र वाचते.

खरी गोम पुढेच. गोड्या पाण्याची पातळी रोज थोडी उतरत होती. मशीनखाली थेंब नाही, होज कोरडे, डिपस्टिकवर तेल स्वच्छ, दुधाळ नाही, म्हणजे तेलातही पाणी नाही. मग पाणी जातं कुठे? पुतण्या म्हणे, ‘उन्हाने उडत असेल, काका.’ आषाढात! पोरगा वाईट नाही रे, पण पाणी बाहेर पडतंय का हे बघायला मोबाइलवरून मान वळवावी लागते, तेवढी त्याच्याने वळत नाही.

शेवटी डिझेलची टाकी सरकवून तिकडचं झाकण काढलं. (तू असताना ती कधी सरकवू दिली नाहीस, हे लक्षात आहे.) तिथे ही पाकळी. कूलर उतरवला, कूलरऐवजी स्वतः गंजणारं झिंक बोटाएवढं होतं ते पार काडी झालेलं. नळ्यांची तोंडं उघडी ठेवून बाहेरच्या अंगाला सायकलच्या पंपाने हवा भरली आणि कूलर पिंपात बुडवला. दोन नळ्यांतून बुडबुडे. कुठल्या? बरोबर पाकळीशेजारच्या! काही अडकलं की पाणी तिथे घुमतं आणि नेमकी तीच जागा खातं. तेव्हा अंधार पडला म्हणून पान्हा टाकून निघून गेला होतास ना? घे.

मेकॅनिक म्हणतो, दोन्ही नळ्यांना पितळी बूच ठोकू, बाकीच्या पुरतील. पुरतीलही. पण शेजारच्या किती पातळ झाल्यात हे वरून कोण सांगणार? मशीन चालू असताना आतला दाब जास्त, तोवर गोडं पाणी बाहेर जातं, तेवढंच नुकसान. बंद करून थंड झालं की उलट खारं पाणी ब्लॉकमध्ये शिरलं तर? त्या धास्तीने झोप लागत नाही. नळ्या अ‍ॅसिडने धुवायचं यंदा टाळलंय, उरल्यासुरल्या पत्र्याला तेवढंच निमित्त मिळेल. नवा कूलर घ्यायचा तर मागचं कर्ज अजून तोंड वासून आहे, आणि पुतण्या तर मशीनच नवं घ्या म्हणतो. त्याच्या बापाचं काय जातंय? (माझाच भाऊ, माहीत आहे.)

तू टगवर रोज हेच करतोस. बूच मारलेल्या कूलरवर तू स्वतः वीस वाव खोल पाण्यापलीकडे जाशील का, एवढंच सांग. नाही म्हणालास तर बाकीचे सुटोत, मी नारळी पौर्णिमेपर्यंत थांबेन.

तुझ्या बदलीचं काय झालं? पोरगी दहावी झाली हे तुझ्या मेव्हण्याकडून कळलं, शाबास म्हणावं तिला. पाठीचं दुखणं दाखव रे एकदा.

उत्तर महिनाअखेरच्या आत हवं. आणि येशील तेव्हा मुंबईच्या नागदेवीतून पेन्सिल झिंक चार, पंपाचं नवं झाकण आणि गॅस्केटचा कागद घेऊन ये. पैसे इथे देईन, कोंबडीचे वजा करून.

तुझाच,
नाखवा (अजून तरी)