हप्ता पिनकोडवर, भरपाई बिलावर

मा. संपादक यांस, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला घरविम्यावरचा लेख वाचला. मराठवाड्यातले लोक विमा काढत नाहीत आणि आपत्ती आली की सरकारच्या तोंडाकडे बघत बसतात, असा त्याचा एकंदर सूर. 'रोजच्या एका चहाच्या पैशांत घर निर्धास्त' हे वाक्य तर वेगळी चौकट करून छापलंय. लेखकमहाशयांचं घर कोणत्या नदीकाठी आहे तेही त्या चौकटीत द्यायचं होतं.

मी विमा काढलेला माणूस आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर मामाच्या गावी, सास्तूरला, माळवदांची माती उपसायला गेलेल्यांत मी होतो. म्हणून स्वतःचं घर बांधताना गवंड्याच्या मागे लागून खिडक्यांवरून सगळीकडे सलग काँक्रीटचा पट्टा घालून घेतला, आणि कर्ज फिटल्यावर बँक विचारत नव्हती तरी घराचा विमा चालू ठेवला. गल्लीत लोक हसायचे.

2025 च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं काय केलं ते तुमच्याच अंकांत आलंय. आमच्या घरात ओढ्याचं पाणी उलटं फिरून शिरलं. ओसरल्यावर ज्वारीची कोठी उघडली तर तळाला मोड आलेले, वरची ज्वारी हाताला गरम लागत होती, आणि वास असा की मंडळी पदर नाकाला लावून अंगणात जाऊन बसल्या.

कंपनीचा सर्व्हेअर आला. पोरगा सालस होता, उगाच खोटं बोलणार नाही. भिंतींचे फोटो काढले, ओल कुठवर चढली ते मोजलं, फ्रिजचं बिल मागितलं. ते होतं. गाद्यांना घसारा लावला, म्हणजे जुन्या म्हणून किंमत कमी धरली, तेही ऐकून घेतलं. मग कोठीकडे बोट करून म्हणाला, "काका, ह्याचं बिल?"

म्हटलं, आमच्याच रानातला शाळू आहे, त्याचं बिल कोण देणार?

"मग तो शेतीमाल होतो. घरसामानात बसत नाही."

त्यावर मंडळी म्हणाल्या, "दादा, शेतीमाल बाजारात जातो. ही आमची वर्षाची भाकरी आहे." त्यानं मान खाली घालून टॅबवर काहीतरी टिपलं. मंजुरीच्या कागदावर ज्वारीचा उल्लेखच नाही.

ही पॉलिसी म्हणजे तुमच्या लेखात जिचे गोडवे गायलेत तीच 'भारत गृह रक्षा'. इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला यादी न देता संरक्षण, असं लेखात म्हटलंय. बरोबर आहे. हप्ता घेताना यादी कोणीच मागत नाही.

एवढ्यावरही मी गप्प बसलो असतो. पण नूतनीकरणाचा कागद आला आणि हप्ता जवळपास दीडपट. एजंटला फोन लावला तर म्हणतो, "साहेब, तुमच्या एकट्याचा नाही, अख्ख्या पिनकोडचा वाढलाय. पुराचा भाग धरलाय." टेकावर राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या उंबऱ्याला पाण्याचा थेंब लागला नाही, तोही त्याच पिनकोडात. माझं जोतं किती उंच, भिंतीत पट्टा आहे की नाही, हे बघायला आजवर कोणी फिरकलं नाही. हप्ता वाढवायचा तर सहा आकडे पुरतात. ज्वारी बघायला मात्र माणूस येतो, टॅब घेऊन.

लेखकांना चहाच्या पैशांची एवढी काळजी, तर करावर दोन ओळी लिहायच्या होत्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरचा जीएसटी सरकारनं काढला, आनंद आहे. घराच्या विम्यावर 18 टक्के होता तसाच. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या तालुक्यात पुरात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढत होते. आता हप्ता फुगला की त्यावरचा कर आपोआप फुगतो, म्हणजे नदीला पूर आला की तिजोरीतही चार पैसे जास्त.

आणि सरकारच्या तोंडाकडे बघण्याचं म्हणाल तर तिथे तरी काय ठेवलंय? पक्क्या घराची थोडीफार, म्हणजे किमान 15 टक्के, पडझड झाली तर आपत्तीच्या सरकारी मदतीच्या निकषात 6,500 रुपये बसतात. पूर्ण पडलं तर आमच्यासारख्या सपाटीच्या भागात 1 लाख 20 हजार. विमा नसलेला माझा शेजारी त्या साडेसहा हजारांवर खूश आहे असं नाही, पण परवा पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "तलाठ्यानं पंचनामा केला, पण बिल नाही मागितलं बाबा!" ह्याला उत्तर असेल तर तुमच्या लेखकांकडून मिळवून छापा. मला सुचलं नाही.

जाता जाता : त्याच लेखाच्या नकाशात भूम तालुका बीड जिल्ह्यात ढकललाय. भूम धाराशिव जिल्ह्यात आहे. पूर आला तेव्हाही एका बातमीत तुम्ही हाच घोळ घातला होता. तेव्हा पत्र टाकलं, ते छापलं नाहीत. अंकाची किंमत वाढवल्याचं निवेदन मात्र पहिल्या पानावर छापलंत. ह्या वेळी शुद्धिपत्र पुरवणीतच द्यावं, आतल्या पानावर निविदांच्या जाहिरातींखाली नको.

आपला,
एक जुना वर्गणीदार, परंडा (जि. धाराशिव)